खाली कॅमेऱ्याचा आवाज

सन १९५८, माघ महिना. आठ दिवसांच्या कामाचे मला साठ रुपये मिळाले. ज्या घरात ही गोष्ट घडली तिथे त्या वेळी तीन माणसं हजर होती — माझी मावसबहीण कौसाबाई, शाळेपासूनचा माझा मित्र दिनकर, आणि मी. त्यातल्या दोघांनी आपापल्या वाट्याचं खरं केव्हाच बोलून टाकलं. तिसरा अजून बोललेला नाही. बायकोलाही मी हे सांगितलेलं नाही, आणि पगारातला एक रुपयासुद्धा मी तिच्यापासून कधी लपवलेला नाही. तुम्हाला सांगतो आहे. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही होत नाहीये.

मी यवतमाळला एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, हिशेबनीस आहे. कापसाच्या गाड्या येतात, तोलल्या जातात, आकडे माझ्याकडे येतात. संध्याकाळी बेरीज जुळली नाही तर मला घास जात नाही. शेठजी चार माणसांत सांगतात, श्रावणकडे तिजोरीची किल्ली असली की मी तीर्थयात्रेला जाऊ शकतो. हे ऐकताना मी खाली बघतो. लोकांना वाटतं, विनय आहे.

दिनकरचं नाव तुम्ही बहुतेक ऐकलं असेल. आडनाव लिहीत नाही, लिहायची गरजही नाही. आधी छायाचित्रणासाठी आणि नंतर दिग्दर्शनासाठी त्याला बक्षिसं मिळाली. वर्तमानपत्रांत त्याच्यावर लेख येतात, आणि प्रत्येक लेखात एका चेहऱ्याचा उल्लेख असतो. छपरावरच्या कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, फटीतून आलेल्या उजेडात एका बाईचा चेहरा. अंधारातून वर येतो, हातातल्या कशावर तरी झुकतो, आणि पुन्हा अंधारात जातो. पडद्यावर तो जेमतेम अर्धा मिनिट दिसतो. दिनकरची सगळी कीर्ती त्या अर्ध्या मिनिटापासून सुरू झाली, असं लोक लिहितात. ते खरं आहे. तो चेहरा कौसाबाईचा आहे.

पण मी सुरुवातीपासून सांगायला हवं. मधूनच सांगितलं तर मी स्वतःला सोडवून घेईन — ती सवय मला आहे.

दिनकरच्या वडिलांचा यवतमाळला फोटो स्टुडिओ होता. आम्ही एका वर्गात होतो. तेव्हा शाळेत आमच्या समाजाच्या मुलांसाठी पाण्याचा पेला वेगळा असे. दिनकर पहिल्याच आठवड्यात त्या पेल्याने पाणी प्यायला. मास्तरांनी त्याला दोन छड्या मारल्या, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा त्याच पेल्याने प्यायला. तो काही सुधारक वगैरे नव्हता. त्याला म्हणे त्या पेल्यावरची ऊन पडल्यावर दिसणारी चमक आवडायची. तो असाच होता. घरी जाताना मला जिनाच्या फाटकाशी थांबवायचा आणि म्हणायचा, ''पाय ना बे, सरकीच्या ढिगावर उजेड कसा बसला हाय.'' मला ढीग दिसायचा. किती मणांचा असेल हे मी सांगू शकत होतो. उजेड मला दिसायचा नाही.

तो मुंबईला गेला. सात वर्षं त्याने दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यांच्या पेट्या उचलल्या. आणि अठ्ठावन्नच्या थंडीत एक चावीचा कॅमेरा भाड्याने घेऊन परत आला. कापसावर छोटा चित्रपट करायचा होता — बोंडापासून गाठीपर्यंत. नागपूरच्या एका व्यापाऱ्याने थोडे पैसे दिले होते. त्याला गाव हवं होतं, माणसं हवी होती, आणि फिल्म किती फूट गेली याचा हिशेब ठेवणारा कोणीतरी हवा होता. तो सरळ माझ्याकडे आला. मी जिनातून आठ दिवसांची रजा काढली आणि त्याला कौसाबाईच्या गावी घेऊन गेलो. केळापूरच्या पुढे, दोन कोसांवर.

कौसाबाई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर वर्षभर मी तिच्याच घरी वाढलो. तिचा नवरा गोमाजी — मी त्याला भाटवे म्हणतो — त्या गावातला आमच्या समाजाचा पुढचा माणूस. छप्पन्नच्या दसऱ्याला नागपूरला दीक्षा घेऊन आला आणि दुसऱ्याच दिवशी त्याने घरातला देव्हारा रिकामा केला. सगळे देव, सगळे टाक टोपलीत घालून, टोपली डोक्यावर घेऊन भर दिवसा गावातून नदीवर गेला. टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावरचा ठसा. घरातलं कोणी गेलं की त्याच्या नावाने एक करून देव्हाऱ्यात ठेवायचा, असा जुना रिवाज होता. गोमाजीने आपल्या बापाचा आणि आजाचा टाकही त्याच टोपलीत घातला. नदीवरून आल्यावर चौकात उभं राहून सांगितलं, माझ्या घरात आता काही उरलं नाही. त्याच्या शब्दावर आठ दिवसांत वस्तीतले सगळे देव्हारे रिकामे झाले. त्याचा शब्द असा होता. मला त्याचा अभिमान वाटे, अजूनही वाटतो.

आता कॅमेऱ्याचं सांगतो. हे नीट कळलं नाही तर पुढचं कळणार नाही.

कच्ची फिल्म परदेशातून येई, परवान्यावर मिळे आणि भयंकर महाग असे. दिनकरकडे ती मोजकी होती. म्हणून त्याची रीत अशी होती, की आधी कॅमेरा रिकामाच चालवायचा. चावी द्यायची, बटण दाबायचं, कॅमेरा कुरकुरू द्यायचा. माणसांची भीड मोडेपर्यंत असं दोन-तीनदा करायचं, आणि मग फिल्म भरायची. गावाने यावर पहिल्याच दिवशी नावं ठेवली — रिकामा तो खाली कॅमेरा आणि फिल्म भरलेला तो भरेल कॅमेरा. प्रत्येक वेळी कोणीतरी विचारायचं, ''श्रावण, खाली हाय का भरेल हाय?'' आणि मी ओरडून सांगायचो. मी सांगेन ते खरं. मी त्यांचाच होतो.

अडचण अशी झाली, की माणसं शहाणी झाली. खाली असला की कशी मोकळी! सखाराम बुढा तंबाखू थुंकायचा, बाया एकमेकींना चिडवत कापूस वेचायच्या. भरेल म्हटलं की बुढा घरात जाऊन लग्नातला काळा कोट घालून यायचा आणि बाया डोक्यावर पदर घेऊन खांबासारख्या उभ्या राहायच्या. दिनकर कपाळावर हात मारायचा. एकदा वैतागून म्हणाला, ''या गावात खरं ते सगळं खाली कॅमेऱ्यातच घडते.'' आम्ही दोघं हसलो. मी खूप हसलो. हसायला नको होतं का? तेव्हा कुठे माहीत होतं.

मी दिवसभर कॅमेऱ्याच्या शेजारी उभा असायचो आणि माझे कान आकड्यांसारखेच काटेकोर आहेत. दोन दिवसांत मला आवाजातला फरक कळू लागला. रिकामा कॅमेरा बारीक, सुटा कुरकुरतो. आत फिल्म असली की त्या आवाजाला वजन येतं — दात फिल्म ओढत असतात, प्रत्येक ओढीचा एक ठोका त्यात मिसळतो. डोळे मिटून मी सांगू शकलो असतो. दिनकरला हे माहीत होतं. तिसऱ्या दिवशी त्याने मुद्दाम माझी परीक्षा घेतली होती. पाचपैकी पाच वेळा मी बरोबर सांगितलं. तो म्हणाला, मुंबईला चल, तुला साउंडवाला करतो.

हे मी लिहून ठेवतो आहे कारण पुढे मला 'माहीत नव्हतं' असं म्हणता येऊ नये.

सातव्या दिवशी सकाळी कौसाबाईच्या घरात तुरीच्या ढोलीचा प्रसंग घ्यायचा होता. ढोली म्हणजे धान्याची कणगी, बांबूच्या ताट्यांची, शेणामातीने लिंपलेली, घराच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत. बाई ढोलीत हात घालून संध्याकाळच्या वरणापुरती तूर काढते — एवढंच. उजेडासाठी गोमाजीने वरची सहा-सात कवेलू काढून दिली आणि तो शेतावर गेला. घरात आम्ही तिघंच. दिनकर म्हणाला, आधी खाली करू. मी नेहमीसारखं सांगितलं.

कौसाबाई ढोलीपाशी जाऊन थांबली. मागे वळली नाही. हळूच विचारलं, ''श्रावण, खाली हाय ना?''

''खाली आहे.''

''पक्कं?''

''पक्कं.''

हे बोललो तेव्हा मी खोटं बोलत नव्हतो. मला तसंच वाटत होतं. एवढं माझ्या बाजूचं. यापुढे माझ्या बाजूचं काही नाही.

तिने ढोलीत हात घातला, खांद्यापर्यंत. तूर काढली नाही. एक चिंधी काढली, तिची गाठ सोडली. आत टाक होता, नखाएवढा. त्यावर परकर नेसलेल्या पोरीचा ठसा. मी लगेच ओळखला. कौसाबाईची मुलगी मुक्ता, तीन वर्षांची होऊन तापाने गेली. पांढरकवड्याच्या सोनाराकडून हा टाक करून आणायला मीच गेलो होतो. टोपलीतून तो नदीवर गेला असं सगळे समजत होते. गोमाजीही. तिने तो पदराने पुसला, कवेलूंच्या उजेडात धरला, गालाला लावला. तो दिवस मुक्ता गेल्याचा होता, हे मला नंतर आठवलं. कौसाबाई काहीतरी पुटपुटत होती. देवाला बोलतात तसं नाही, लेकराला झोपवताना बोलतात तसं. माझ्यासमोर तिने तो काढला, कारण मी तिचा होतो. आणि दिनकरसमोर काढला, कारण मी पक्कं म्हणालो होतो.

आणि कॅमेरा चालू होता. आणि त्याच्या आवाजाला वजन होतं.

चावी सुटल्यावर पहिल्या क्षणीच मला कळलं. मी दिनकरकडे पाहिलं. त्याचा एक डोळा कॅमेऱ्याला लागलेला होता आणि दुसरा उघडा होता. त्या उघड्या डोळ्याने तो माझ्याकडेच बघत होता. मला कळलं आहे हे त्याला कळलं. एक शब्द पुरला असता. 'बाई' — एवढं म्हटलं असतं तरी तिने हात मिटला असता. चावी जेमतेम अर्धा मिनिट चालते. अर्धा मिनिट मी बोललो नाही.

का? दहा-अकरा वर्षं मी स्वतःला वेगवेगळी उत्तरं देत आलो आहे. मित्राचं नुकसान नको म्हणून. गोंधळलो म्हणून. नंतर कापून टाकता येईल म्हणून. ही सगळी उत्तरं मी नंतर तयार केली आहेत. खरं हे आहे की त्या अर्ध्या मिनिटात आयुष्यात पहिल्यांदा मला उजेड दिसला. सरकीच्या ढिगावर दिनकरला दिसायचा तो. तिच्या गालावर, त्या चांदीच्या तुकड्यावर. माझ्या बहिणीचं दुःख माझ्यासमोर होतं आणि मला वाटत होतं — थांबू नकोस, अजून जरा. ते मला बघायचं होतं. म्हणून मी गप्प राहिलो.

चावी संपली. तिने टाक गुंडाळून परत तुरीत पुरला, डोळे पुसले, आणि हसून म्हणाली, आता भर बाबा तुझा कॅमेरा, मी तूर काढते. आणि तिने काढली. तोही प्रसंग आम्ही घेतला. तो कुठेच वापरला नाही.

संध्याकाळी नदीच्या बाजूला जाऊन मी दिनकरला धरलं. ते चित्रपटात येता कामा नये, म्हणालो. ते बाहेर आलं तर काय होईल हे त्याला सगळं सांगितलं — गोमाजीचा शब्द, टोपली, वस्ती. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, नाही घेत, शब्द देतो. माझा त्याच्यावर विश्वास होता. वेगळ्या पेल्याने पाणी पिऊन छड्या खाणारा तो मुलगा होता. माझ्या मनातलं ओझं तिथेच उतरलं. आठव्या दिवशी मी साठ रुपये घेतले.

१९६० साली, थंडी संपताना, सरकारच्या प्रसिद्धी खात्याची गाडी गावात आली. दिनकरच्या चित्रपटाला छायाचित्रणाचं बक्षीस मिळालं होतं आणि गाव स्वतःला बघायला उतावीळ होतं. मीही यवतमाळहून आलो होतो. शाळेच्या भिंतीवर पडदा बांधला. दिवेलागणीला गोमाजीला मानाने पुढे बसवलं. सखाराम बुढा कोट घालून आला होता. पडद्यावर तो तंबाखू थुंकताना दिसला तेव्हा सगळं गाव लोटपोट झालं. ''खाली होता म्हने!'' कोणीतरी ओरडलं. बुढा मला शिव्या घालत होता, हसतही होता. पण मला हसू आलं नाही. कारण थुंकण्याच्या त्या वेळी खाली म्हणून सांगून मी विहिरीवर गेलो होतो, आवाज ऐकायला कॅमेऱ्याजवळ नव्हतो. म्हणजे दिनकरने एकदाच केलं नव्हतं; ते फूट त्याने माझ्या हिशेबात खराब गेलेली फिल्म म्हणून लिहायला लावले होते.

आणि मग ढोली आली.

भिंतीएवढा मोठा चेहरा. भिंतीएवढा टाक — त्यावरचा परकर, वेणी, सगळं स्पष्ट. बाया कौसाबाईकडे वळून बघू लागल्या. तिने पदर तोंडावर घेतला होता. मागून एका पोराचा आवाज आला, मोठा नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा — ''आमच्या घरचे सारे नदीत घालाले लावले, अन यायचा सोताचा इथं तुरीत जपून हाय.'' त्या पोराच्या घरच्यांनी त्याच्या बापाचा टाक नदीत सोडला होता. त्याला राग यायचा हक्क होता.

गोमाजीने तिला एक बोट लावलं नाही, शिवी दिली नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण अशा गोष्टींत लोक नवऱ्याला दोष देऊन मोकळे होतात. पुढच्या बैठकीत तो उभा राहिला आणि म्हणाला, माझं घर रिकामं आहे असं मी सांगितलं होतं, ते खोटं निघालं, यापुढे मला पुढे बसवू नका. आणि घरी त्याने तिला एवढंच विचारलं, ''मले सांगतलं काहून नाही?'' ती खरं ते बोलली, ''पोरीले नदीत टाकवलं नाही माह्याच्यानं.'' तो टाक त्याने मागितला असता तर तिने दिला असता. त्याने मागितला नाही. आठवड्याने ती स्वतःच मारेगावला भावाकडे निघून गेली, टाक बरोबर घेऊन. गोमाजी दोनदा आणायला गेला. ती म्हणे, तुमचा राग नाही, पण त्या गावात आता मी पाणी भरायला कशी जाऊ? सगळ्यांनी पाहिलं आहे.

पण ती निघायच्या आधीचं राहिलं. मी मधलं गाळलं, तुमच्या लक्षात आलं असेल.

चित्रपट दाखवला त्याच्या दुसऱ्या सकाळी मी तिच्या अंगणात गेलो. ती सुपात तूर पाखडत होती. वर न बघता म्हणाली, ''तुले माहीत होतं काय, श्रावण?''

मी काय सांगायला गेलो होतो? सांगायलाच गेलो होतो. रात्रभर शब्द जुळवले होते. मी म्हणालो, ''नाही.''

तिने सूप खाली ठेवलं. पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, ''मंग ठीक हाय. मले वाटलं, तूही त्यायच्यातलाच निंगाला. एक तरी माणूस माह्या बाजूनं हाय.'' आणि मला चहा करून दिला.

तो चहा मी प्यायलो.

त्यानंतर मी फसवला गेलेला माणूस झालो. ते मला छान जमलं. गावात, जिनात, घरी — सगळीकडे दिनकरचं नाव निघालं की मी गप्प होई, आणि लोक माझ्या गप्प बसण्याला मान देत. ज्याच्याबरोबर एका पेल्याने पाणी प्यायला त्यानेच गळा कापला, असं आमच्या नातेवाइकांत बोलत. कौसाबाई तर भांडायची. कोणी म्हणालं, श्रावणनेच आणला होता ना त्याला, की ती अंगावर जायची — ''त्यालेही फसवलं. तोंडातून चकार शब्द काढू नका माह्या भावाबद्दल.'' मारेगावला दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचून संध्याकाळी ती माझी बाजू मांडायची.

आणि मला खरंच वाटे की माझा विश्वासघात झाला आहे. दिनकरने शब्द मोडला होता, यात खोटं काय? रात्री उताणा पडून मी त्याच्यावर संतापायचो. तो मुंबईत मोठा होत गेला. आधी दुसऱ्यांचे चित्रपट टिपायचा, मग स्वतःचे करू लागला. पुन्हा बक्षीस मिळालं. फोटोत त्याच्या गळ्यात हार दिसला की मला तो टाक दिसायचा. त्याच्या पत्रांना मी उत्तर दिलं नाही. चार पत्रं आली, चारही फाडली. फसवल्या गेलेल्या माणसाने तसंच वागायचं असतं ना?

१९६६ साली यवतमाळकरांनी त्याचा सत्कार केला. मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच माझ्या दारात उभा. केस पिकले होते. आत ये असं मी म्हटलं नाही. तो म्हणाला, मारेगावला नेतोस का, मला तिला भेटायचं आहे. मी नाही म्हणू शकलो असतो. पण मनात आलं — येऊ दे, तिच्याकडून ऐकू दे. आम्ही एसटीने गेलो. तो खिडकीतून शेतांवरचा उजेड बघत होता. सवय.

कौसाबाईने त्याला दारातून पाहिलं आणि ती आत गेली. बाहेर आलीच नाही. तो अंगणात उभा राहिला, चपला काढून. मी त्याच्या मागे. त्याने दाराकडे बघून सांगितलं, सरळ. ''बाई, कॅमेरा भरेल होता. मी मुद्दाम भरला होता. चित्रपटात घेणार नाही म्हणून शब्द दिला, तोही मोडला. मले असं दुसरं काही मिळालं नसतं, म्हणून मोडला.''



मग तो म्हणाला, ''श्रावणला माहीत नव्हतं. त्याचा यात काही दोष नाही.''

आणि माझ्याकडे वळून पाहिलंसुद्धा नाही.

विचार करा. ज्याला मी सहा वर्षं विश्वासघातकी म्हणत होतो, तो माझ्यासमोर माझ्यासाठी खोटं बोलत होता. त्याला माहीत होतं — तो उघडा डोळा. पाचपैकी पाच. त्या क्षणी मला फक्त 'होतं' एवढं म्हणायचं होतं. ती दाराच्या आडच होती. दोन हातांवर. मी उभा राहिलो. त्याने मला वाचवलं आणि मी वाचू दिलं.

आतून कौसाबाईचा आवाज आला, पण त्याच्यासाठी नाही. ''श्रावण, उन्हात कायले उभा हायेस? त्याले जाऊ दे. तू आत ये, जेवून जा.''

मी आत गेलो नाही. एसटी चुकेल म्हणालो.

मारेगावच्या स्टँडवर दिनकरने माझ्या हातात एक पाकीट दिलं. तीनशे रुपये होते. ती माझ्या हातून घेणार नाही, म्हणाला, तू दे, तुझ्याकडून घेईल. नव्या चित्रपटाच्या बक्षिसातले होते ते. मी घेतले. एसटी आली, तो चढला. त्यानंतर आम्ही भेटलेलो नाही.

मी परत तिच्या घराकडे निघालो होतो. अर्ध्या वाटेत थांबलो. पैसे द्यायचे तर काय म्हणून द्यायचे? दिनकरचे म्हटलं तर ती फेकून देईल. माझे म्हटलं तर घेईल, आणि वर मलाच आशीर्वाद देईल. दोन्ही मला नको होतं. मी पुढची एसटी धरून यवतमाळला आलो. मनिऑर्डर करीन म्हटलं, केली नाही. दिनकरला परत पाठवीन म्हटलं, तेही केलं नाही. पाकीट कपाटात सव्वा महिना होतं.

कौसाबाई अजून मारेगावलाच आहे. गोमाजी दर सणाला तिला धान्य नेऊन देतो आणि अंगणातच बसून परत येतो. हे छापून आलं तर कोणीतरी तिला वाचून दाखवील. कदाचित तोच दाखवील. त्याला वाचता येतं.

तीनशेपैकी दोनशे ऐंशी रुपये मी लोहाऱ्याच्या माझ्या प्लॉटचा शेवटचा हप्ता म्हणून प्लॉटमालकाला दिले आणि रीतसर पावती घेतली. वीस रुपये उरले. ते बायकोच्या हातात ठेवले. तिने विचारलं, कशाचे? मी म्हणालो, जुनं येणं होतं.